रहाटपाळण्याचा मुखत्यार

एका गावात एक रहाटपाळणा होता आणि त्या रहाटपाळण्याला एक मालक होता. मालकाचं नाव मानकोजी. पाळणा ताडाएवढा उंच होता आणि मानकोजीचा रुबाब त्याहून चार बोटं वर.

चैत्रात देवीची जत्रा भरली की नदीकाठच्या माळावर हा पाळणा उभा राहायचा. सागाचे भक्कम खांब, मधे आस, आसावर मोठं चाक आणि चाकाला टांगलेल्या चार बैठका. तीन बैठका साध्या, लाल रंगाच्या. चौथी मोराची. मानकोजीच्या बायकोने एका पावसाळ्यात घरी बसून तिच्यावर मोर रंगवला होता, मान वळवून मागे बघणारा. बायको आता नव्हती, मोर होता. मुलं आपली पाळी सोडून मोराच्या बैठकीसाठी थांबायची. मानकोजी रोज सकाळी तो मोर आपल्या उपरण्याने पुसायचा. ते काम त्याने कधी कुणाला दिलं नाही.

खरं तर कुठलंच काम त्याने कधी कुणाला दिलं नाही. चाक फिरवायला दोन गडी होते, पण कधी फिरवायचं आणि कधी थांबवायचं ते मानकोजी ओरडून सांगायचा. चाक थांबवायला खांबात एक लाकडी खुंटी बसायची. खुंटी आत गेली की चाक उभं, बाहेर आली की चाक सुटं. यात अवघड काहीच नव्हतं. पण मानकोजीचा सक्त हुकूम होता, "माझ्या तोंडून 'काढ' ऐकल्याशिवाय खुंटीला हात लावायचा नाही. देव आला तरी नाही."

"मालक, तुम्ही जेवायला गेलात की माणसं वर टांगून राहतात," एक गडी एकदा म्हणाला.

"राहू दे. तेवढंच जास्त वेळ गाव बघतील."

मानकोजीला एकच मुलगी होती, गोजरा. चांगली मोठी, कामाची. ती आसाला तेल घालायची, दोर तपासायची, वर जाऊन घाबरलेलं पोर कडेवर घेऊन उतरवायची आणि बापाला दिवसातून एकदा तरी हसवायची. हे सगळं ती करायची, पण तिला तसं कुणी सांगितलेलं नव्हतं, म्हणून मानकोजीच्या हिशेबी ते काम नव्हतंच.

आता त्या जत्रेची एक रीत होती. पहिल्या दिवशी सकाळी देवळाच्या पायरीवर पंच बसायचे, शेजारी कारकून. प्रत्येक दुकानदाराने आणि खेळवाल्याने यायचं आणि आपला मुखत्यार सांगायचा. मुखत्यार म्हणजे आपण हजर नसू, आजारी पडू, शुद्धीवर नसू, तेव्हा आपल्या वतीने शब्द देणारा माणूस. त्याचं नाव आपणच, आपल्या तोंडाने, दोन साक्षीदारांना ऐकू जाईल असं घ्यायचं. मग कारकून मुखत्यारपत्र लिहायचा, खाली अंगठा उमटायचा आणि काम झालं. जत्रेत माणसं उन्हाने भोवळ येऊन पडतात, गर्दीत हरवतात, भजी खाऊन पोट धरून बसतात. म्हणून कुणा शहाण्याने ही रीत घातली होती. जोडीला दुसरा नियमही होता : मालकाच्या किंवा त्याच्या मुखत्याराच्या शब्दाशिवाय दुसऱ्याच्या मालाला, जनावराला, खेळाला हात लावायचा नाही.

त्या वर्षीही सगळे आले. बांगडीवालीने आपल्या जावेचं नाव सांगितलं. चिवडेवाल्याने बायकोचं. माहुताने आपल्या भावाचं सांगितलं आणि वर म्हणाला, "हत्तीला बोलता आलं असतं तर त्याचंच सांगितलं असतं. भावापेक्षा समज जास्त आहे."

मग मानकोजी पुढे आला.

"मानकोजी, तुमचा मुखत्यार?" कारकुनाने विचारलं.

"मी."

"मालक तुम्ही. मुखत्यार कोण?"

"मीच म्हटलं ना. मी काय मेलोय, की वेडा झालोय?"

"नाही, म्हणून तर विचारतोय," कारकून म्हणाला. "मेल्यावर आणि वेड लागल्यावर विचारून काय फायदा?"

गोजरा मागेच उभी होती. "आबा, माझं नाव सांगा की. बिघडलं कुठं?"

"हं. म्हणजे उद्या लोक म्हणतील, मानकोजीचा पाळणा पोरीच्या हुकमाने फिरतो."

"आत्ता पोरीच्या तेलाने फिरतो, ते चालतं वाटतं."

पंच हसले. मानकोजी हसला नाही. खरं कारण निराळंच होतं आणि ते त्याने स्वतःलाही कधी सांगितलं नव्हतं. त्याला वाटायचं, एकदा दुसऱ्याचं नाव घेतलं की मग आपण उरलो कशाला? मुखत्यारपत्रावर अंगठा म्हणजे त्याला आपल्या बाराव्याचं आमंत्रण वाटायचं.

"नाव दिलं नाहीत," पंचांनी समजावलं, "तर वेळ आल्यावर तुमचा सगळ्यात जवळचा पुरुष नातेवाईक तुमच्या वतीने बोलेल. तशी रीत आहे."

"बोलू दे. वेळच येणार नाही."

सगळ्यात जवळचा पुरुष नातेवाईक म्हणजे मानकोजीचा भाचा झुंजारराव. तो तिथेच मिशीला पीळ देत उभा होता. त्याचं सगळं लक्ष मिशीत असल्यामुळे त्याने काही ऐकलं नाही.

जत्रा रंगली. मानकोजी दिवसभर ओरडत होता, "फिरव, थांब, घाल, काढ, ए पोरा, पाय आत घे." रोज थोडा थोडा त्याचा आवाज बसत गेला. गोजराने ज्येष्ठमध आणून दिलं. ते त्याने खिशात ठेवलं. तिने मिठाच्या गुळण्या करायला पाणी तापवलं. ते निवून गेलं. "दोन दिवस मी ओरडते, तुम्ही गप्प बसा," ती म्हणाली. त्यावर तो इतका जोरात "नाही" म्हणाला की उरलेला आवाजही गेला.

शेवटचा दिवस उजाडला. या दिवशी दुपारी मानकोजी स्वतः एक फेरी मारायचा. त्याची लाल बैठक सगळ्यात वर पोचली की गड्यांनी खुंटी घालायची. मानकोजीने वरून माळाकडे बघायचं आणि माळाने खालून मानकोजीकडे बघायचं. मग त्याने गरजायचं, "काढ."

तो बैठकीत बसला. फेट्याचा तुरा सरळ केला. चाक फिरलं, तो वर पोचला, खुंटी बसली. खाली नदी चमकत होती, माणसं मुंग्यांएवढी दिसत होती. त्याचा ऊर भरून आला. त्याने मनसोक्त बघून घेतलं, छाती फुगवली आणि गरजला.

घशातून फक्त हवा आली.

त्याने पुन्हा जोर केला. फुटक्या भात्यासारखा फुसफुस आवाज झाला. आणि नेमकी तेव्हाच देवीची पालखी देवळातून निघाली. ढोल, ताशे, तुताऱ्या, वर पोरांच्या पिपाण्या. आता तर मानकोजीला आपलं फुसफुसणंही ऐकू येईना.

खाली दोन्ही गडी मान वर करून हुकमाची वाट बघत उभे होते. उंचीची एक खोड असते, खालचं बोलणं वर चांगलं ऐकू येतं, वरचं मात्र खाली पोचत नाही. ढोलांच्या गजरात माणसं एकमेकांच्या कानात ओरडून बोलत होती आणि ते सगळं मानकोजीला कळत होतं.

"मालक आज बराच वेळ बघतायत," एक गडी म्हणाला.

"बघू दे. शेवटचा दिवस आहे," दुसरा म्हणाला.

ऊन तापलं. मानकोजीच्या घशाला कोरड पडली. त्याने हात हलवले. खालच्या लोकांनीही आनंदाने हात हलवले.

गोजरा मात्र हात न हलवता बघत राहिली. बापाचे ओठ हलतायत आणि ऐकू काहीच येत नाही, हे तिच्या ध्यानात आलं. चिवडेवाल्याकडे हाका मारायचा पत्र्याचा भोंगा होता. तो तिने ओढून घेतला आणि तोंड वर केलं.

"आबा, खाली यायचंय का? यायचं असेल तर फेटा काढा. नसेल तर राहू द्या."

मानकोजी थबकला. त्याने चारचौघांत कधी फेटा काढला नव्हता. फेट्याखाली काय होतं, किंवा काय नव्हतं, ते फक्त घरच्यांना माहीत होतं. पण घसा सुकला होता आणि बैठक वाऱ्याने झुलत होती. त्याने डोळे मिटले आणि फेटा काढला.

भर उन्हात त्याचं टक्कल असं चमकलं की पालखीपुढच्या तुतारीवाल्याचा एक सूर चुकला.

"बघितलंत ना?" असं म्हणत गोजरा खुंटीकडे गेली. गडी आडवा आला.

"ताई, हुकूम आहे. मालकांच्या तोंडून ऐकल्याशिवाय नाही."

"अरे, मालकांचं तोंडच चालत नाहीये."

आरडाओरड ऐकून पंच आले. त्यांनी वर बघितलं, खाली बघितलं आणि कपाळ पुसलं. "पोरी, खुंटीला हात लावू नकोस. तू त्यांची मुखत्यार नाहीस."

"पण त्यांनी फेटा काढला."

"उकडलं म्हणूनही काढला असेल."

"असं कसं? मी विचारलं, त्यांनी उत्तर दिलं. सगळ्या माळाने बघितलं."

"मला कळतंय गं," पंच म्हणाले आणि त्यांना खरंच कळत होतं. "पण आज तुझ्यासाठी नियम वाकवला, तर उद्या कुणीही कुणाच्या दुकानात शिरेल आणि सांगेल, मालकाने मला टोपी हलवून परवानगी दिली. त्यांनी पहिल्या दिवशी पायरीवर तुझं नाव घेतलं असतं, तर एवढ्यात ते खाली येऊन पाणी पीत असते. आता वर अडकल्यावर नाव घेता येत नाही. झुंजाररावाला बोलवा."

हे सगळं मानकोजीला वर ऐकू येत होतं.

झुंजारराव आला. आपण आता मामांच्या वतीने बोलणार हे कळल्यावर त्याने आधी मिशी सारखी केली.

"झुंजारदादा, ती खुंटी काढा फक्त," गोजरा म्हणाली.

"खुंटी?" झुंजाररावाने कानावर हात ठेवले. "मामांचा शब्द म्हणजे माझ्यासाठी दगडावरची रेघ. खुंटीला हात लावायचा नाही. देव आला तरी नाही."

आपलं वाक्य खालून वर येताना मानकोजीने पहिल्यांदाच ऐकलं. ते इतकं बिनडोक असेल असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

"मग काय करायचं म्हणता?" पंचांनी विचारलं.

"खुंटी न काढता चाक फिरवायचं. त्याला पाहिजे ताकद. हत्ती आणा."

माहूत हत्ती घेऊन आला. सगळं बघून म्हणाला, "हत्ती कशाला, बाबा? खुंटी काढ की."

"तुम्हाला हुकूम म्हणजे काय, ते कळतं का?"

"हत्तीला कळतो. तुमचा काही कळत नाही बुवा. बरं, ओढायचं काय द्याल?"

"मागा. मामांच्या वतीने मी बसलोय."

माहुताने आजूबाजूला बघितलं. चाकाच्या खालच्या अंगाला मोराची बैठक झुलत होती. "हा मोर छान आहे. हत्तीच्या पाठीवर शोभेल."

"दिला," झुंजारराव म्हणाला.

वर मानकोजी उभाच राहिला. बैठक डुगडुगली. त्याने हातातला फेटा गरागरा फिरवला, नाही, नाही, नाही. झुंजाररावाने वर बघितलं आणि त्याचा चेहरा फुलला. "बघा, मामा खूश झाले."

चाकाला दोर बांधला. हत्तीने एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं. खुंटी करकरली आणि काडकन मोडली. मग चाक जे सुटलं ते मानकोजीला घेऊन खाली आलं, वर गेलं, पुन्हा खाली आलं. एकदा जमिनीजवळून जाताना तो "मोर" म्हणाला. पुढच्या फेरीला "नको" म्हणाला. त्यानंतर नुसता दांडीला धरून राहिला. फेटा सुटून लांबच लांब लहरत गेला आणि हत्तीच्या डोक्यावर पडला. शेवटी गोजरा आणि दोन्ही गडी चाकाला लोंबकळले, तेव्हा ते थांबलं. जत्रेतल्या मुलांचं एकमत झालं की या वर्षीचा सगळ्यात झकास खेळ हाच.

गोजराने बापाला उतरवून घेतलं, जशी घाबरलेली पोरं उतरवायची तशीच. पाणी पाजलं. पाणी पिऊन मानकोजीने पहिल्यांदा मोराकडे बोट केलं. "मी दिला नाही," तो कुजबुजला.

"तुम्ही नाही दिला," पंच म्हणाले. "पण तुमच्या वतीने दिला गेला. तुम्ही नाव निवडलं नाहीत, म्हणून रितीने निवडलं."

झुंजारराव रडवेला झाला. "मामा, मी तुमचा शब्द पाळला."

"पाळलास, बाबा," मानकोजीने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "माझा शब्द पाळलास. माझ्याकडे कुठं बघितलंस?"

माहुताला वाईट वाटलं. "मला काय ठाऊक त्यात तुमचा एवढा जीव आहे. राहू दे. मोर नको मला."

मानकोजीने मोराकडे बघितलं. मोर मान वळवून त्याच्याकडे बघत होता. घ्यावा परत असं त्याच्या फार मनात आलं. मग त्याने मान हलवली. "हत्तीने ओढलंय. शब्द माझ्या नावाने गेलाय, आणि नाव माझंच आहे. घेऊन जा. फक्त सकाळी पुसत जा. मऊ फडक्याने."

त्यानंतर तो कपडे झटकून उठला आणि तसाच, उघड्या डोक्याने, देवळाच्या पायरीकडे चालायला लागला. कारकून बाडबिस्तरा बांधत होता. मानकोजीने त्याचा हात धरला.

"मुखत्यार सांगायचाय?" कारकुनाने हसत दौत पुन्हा उघडली. "सांगा. पण दोन साक्षीदारांना ऐकू गेलं पाहिजे."

मानकोजीने तोंड उघडलं. ढोल वाजत होते. त्याचं त्याला ऐकू आलं नाही.

गोजरा पायऱ्या उतरून ढोलवाल्यांपाशी गेली आणि काहीतरी बोलली. ढोल थांबले. ताशे थांबले. पंचांनी हात वर केला तसे पिपाणीवाले थांबले, चिवडेवाल्याने झारा खाली ठेवला, बांगडीवालीने हात स्थिर धरले. कधी गप्प न बसलेली ती जत्रा क्षणभर इतकी शांत झाली की नदीचं पाणी ऐकू आलं.

"गोजरा," मानकोजी कुजबुजला.

"ऐकलं," बांगडीवाली म्हणाली.

"ऐकलं," चिवडेवाला म्हणाला.

"आणि ती तयार आहे का?" कारकुनाने विचारलं. "न विचारता कुणालाही मुखत्यार करता येत नाही."

सगळे गोजराकडे वळले. "आधी काय काय करायचं ते लिहा," ती म्हणाली. "नाहीतर मीही उद्या हत्ती आणेन."

मग मानकोजी कुजबुजत गेला आणि कारकून लिहीत गेला. मानकोजी हजर नसेल, आजारी असेल किंवा त्याचा आवाज पोचत नसेल, तेव्हा गोजराने पाळणा चालवायचा, थांबवायचा, गडी ठेवायचे, शब्द द्यायचा. पाळणा विकायचा नाही. मानकोजीला काही सांगता येत असेल, बोलून, खुणेने, कसंही, तर आधी त्याला विचारायचं.

"आणि माझं मन बदललं तर?" त्याने हळूच विचारलं.

"शहाणे आहात तोवर या पायरीवर यायचं आणि परत घ्यायचं," कारकून म्हणाला. "मुखत्यारी दिली म्हणून मालकी जात नाही, मानकोजी. तुम्ही होता तेवढेच राहता. फक्त एकटे राहत नाही."

मानकोजीने अंगठा उमटवला. आपलं बारावं बिरावं काही झालं नाही, हे बघून त्याला जरा गंमतच वाटली.

"मी तयार आहे," गोजरा म्हणाली. मग पंचांकडे वळली. "आणि ती पुरुष नातेवाइकाची रीत कुणी घातली हो?"

पंचांनी डोकं खाजवलं. "घातली असेल कुणीतरी, कधीतरी."

"मग काढा कुणीतरी. पुढच्या जत्रेच्या आधी."

बांगडीवालीने इतक्या जोरात "बरोबर" म्हटलं की पंचांना लगेच आठवलं, ही रीत आपल्यालाही कधी पटली नव्हती.

पुढच्या चैत्रात जत्रा पुन्हा भरली. माळावरून हत्ती डुलत डुलत जायचा, पाठीवर मोराची बैठक आणि बैठकीत किलबिलणारी पोरं. मोर स्वच्छ पुसलेला असायचा. तो समोरून गेला की मानकोजी हातातलं काम थांबवून बघत राहायचा आणि दिसेनासा झाल्यावर पुन्हा कामाला लागायचा.

शेवटच्या दिवशी दुपारी तो आपल्या लाल बैठकीत बसला. चाक फिरलं, तो वर पोचला, नवी खुंटी बसली. ढोल घुमत होते. या वेळी त्याने ओरडायचा प्रयत्नच केला नाही.

खाली गोजरा खुंटीवर हात ठेवून, मान वर करून उभी होती. फेटा निघाला की खुंटी काढायची, एवढंच ठरलं होतं, आणि त्या खुणेला आता कायद्याचं बळ होतं.

मानकोजीचा हात फेट्याकडे गेला. मग त्याने लांब नदीकडे बघितलं, हत्तीच्या पाठीवरून जाणाऱ्या मोराकडे बघितलं, आणि फेटा नीट बसवून हात खाली घेतला.

"ताई, काढू का?" गड्याने विचारलं.

"थांब," गोजरा म्हणाली. "त्यांना अजून बघायचंय."

तात्पर्य : आपला आवाज पोचतोय तोवरच आपला माणूस निवडावा, तोंडाने त्याचं नाव घ्यावं आणि काय हवं, काय नको तेही सांगून ठेवावं. आणि निवडताना आपला हुकूम घोकणारा निवडू नये, मान वर करून आपल्याकडे बघणारा निवडावा.